समासांतील अभिप्राय

मुलुंड स्टेशनाच्या पश्चिमेस बाजाराकडे जाणाऱ्या एका गल्लींत, रद्दीवाल्याच्या दुकानासमोर, गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आम्हांस पुस्तकांचे तीन गठ्ठे दिसले. सुतळीनें करकचून बांधलेले व वजनावर विकत घेतलेले. चौकशी करतां असें समजलें कीं, जवळच वर्गणीवर चालणारें एक खाजगी वाचनालय होतें. मालकाच्या पश्चात् तें बंद पडलें आणि जागा मोकळी करावयाची म्हणून पुस्तकें येथें आलीं. दुकानदार भला माणूस होता. त्यानें सुतळी सोडून दिली व एक उलटी बालदी बसावयास दिली. पुस्तकें चाळण्यांत आमचा सारा तिसरा प्रहर गेला.

गठ्ठ्यांत सर्व तऱ्हेचा माल होता. अर्ध्याहून अधिक कादंबऱ्या. त्यांची बांधणी दोन दोनदां केलेली, कोपरे झिजलेले, शेवटचीं पानें डिंकानें चिकटविलेलीं. उरलेल्यांत इतिहासाचीं साधनें, व्याकरण, संतांच्या ग्रंथांवरील टीका, ज्ञानकोशाचे दोन सुटे खंड, एक दोन चरित्रें. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटीं परतीच्या तारखांची चिठ्ठी डकविलेली होती. कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर शिक्क्यांवर शिक्के पडून तारखा वाचतां येत नव्हत्या. एकीवर तर तीन चिठ्ठ्या एकाखालीं एक लावलेल्या होत्या. विद्वत्तेच्या पुस्तकांवर चार चार, पांच पांच शिक्के. इतिहाससाधनांच्या एका खंडाचीं कित्येक पानें अद्याप फाडलेलींच नव्हतीं.

आमचें लक्ष वेधलें तें मात्र निराळ्याच गोष्टीनें. पहिल्याच पानावर ‘पुस्तकावर कांहीं लिहूं नये’ अशी छापील सूचना असतांहि वाचकांनीं समासांत शिसपेन्सिलीनें मनसोक्त लिहिलें होतें. ‘फारच सुंदर’, ‘कंटाळा आला’, ‘लेखक खोटें बोलतो’, ‘पुढील पान वाचूं नये, वाईट वाटेल’. एका कादंबरींत विधवा मुलीस सासरच्या मंडळींनीं रात्रीं घराबाहेर काढल्याचा प्रसंग होता. त्याच्या बाजूस ठसठशीत, बहुधा पुरुषी, अक्षरांत लिहिलेलें होतें : ‘असें कधीं घडत नाहीं.’ त्याच्याखालीं दुसऱ्या, बारीक व उजवीकडे कललेल्या अक्षरांत दोनच शब्द : ‘आमच्याकडे घडलें.’

हे दोन शब्द वाचून आम्ही बराच वेळ तें पान उघडें ठेवून बसलों. मराठी ग्रंथांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. ग्रंथकार कोण, ग्रंथ केव्हां झाले, टीकाकारांनीं त्यांवर काय म्हटलें, हें सर्व त्यांत सांपडतें. परंतु ज्यांनीं हीं पुस्तकें दिव्याजवळ बसून वाचलीं, त्यांना तीं कशीं वाटलीं, हें त्या इतिहासांत फारसें आढळत नाहीं. किंबहुना आमच्या भाषेंत अभिप्राय देण्याचा अधिकार कोणाचा, हाच वाद गेलीं पावणेदोनशें वर्षें, कधीं उघडपणें व कधीं आडून, चालत आला आहे. त्या वादाच्या कांहीं हकीकती येथें एकत्र करण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ दक्षिणेपासून केला पाहिजे. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे, हें सर्वश्रुत आहे. इंग्रजांनीं ती एकदम बंद केली नाहीं. हळूहळू आंखडती घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोपाळ हरि देशमुख, म्हणजे आमचे लोकहितवादी, व त्यांच्या मताच्या पुण्यांतील तरुण मंडळींनीं सरकारास विनंति केली कीं, या पैशाचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षिसांच्या रूपानें द्यावा. सनातन्यांनीं मोठा गहजब केला. पण १८५१ मध्यें दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. पुस्तक चांगलें कीं वाईट, हें ठरविण्याचें काम मराठींत प्रथमच एका नेमलेल्या मंडळाकडे आलें. तत्पूर्वीं पोथीची परीक्षा होत असे ती पारायणानें आणि नक्कल करून घेणारांच्या संख्येनें. आतां ती बैठकींत होऊं लागली.

या कमिटीनें भाषेची सेवा केली हें नाकारतां येणार नाहीं. अनेक उपयुक्त ग्रंथ व भाषांतरें तिच्या आश्रयानें झालीं. परंतु तिच्या इतिहासांत एक नकार आहे, आणि सर्व बक्षिसांपेक्षां आज तोच अधिक स्मरणांत राहिला आहे. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें एक छोटेंसें नाटक लिहून कमिटीकडे पाठविलें. एक अडाणी शेतकरी व त्याची गरोदर बायको यांना जोशी ग्रहदशेच्या नांवानें कसा लुबाडतो, आणि अखेरीस तीं नवराबायको शाळेंत जाण्याचा निश्चय कसा करितात, एवढीच त्याची कथा. कमिटीनें तें नापसंत केलें. पुढें १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ लिहितांना जोतीरावांनीं ही हकीकत स्वतः नमूद केली आहे; कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असा त्यांचा आरोप आहे.

नकार देण्याचा अधिकार कमिटीस होता, याबद्दल तक्रार नाहीं. तक्रार आहे ती अशी कीं, या नाटकास दुसरा वाचक मिळालाच नाहीं. ज्या शेतकऱ्याची त्यांत कथा होती त्यास वाचतां येत नव्हतें. ज्यांस वाचतां येत होतें त्यांच्या हातीं तें पडलें नाहीं. नाटक छापून निघालें तें १९७९ सालीं. लेखन आणि वाचक यांच्यामध्यें एकशें चोवीस वर्षें गेलीं. आज तें वाचणारा मनुष्य त्याला मराठीच्या आद्य आधुनिक नाटकांत स्थान देतो; परंतु १८५५ च्या पुण्यांत एखाद्या माळ्याच्या अंगणांत तें वाचून दाखविलें असतें तर ऐकणारे काय म्हणाले असते, हें कळण्याचा मार्ग कायमचा बुजला.

जोतीराव ही गोष्ट विसरले नाहींत. १८७८ मध्यें न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें पुण्यास मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली; दुसरी १८८५ मध्यें भरली. या दुसऱ्या सभेचें निमंत्रण आलें तेव्हां जोतीरावांनीं तें नाकारणारें पत्र लिहिलें व तें ‘ज्ञानोदयां’त प्रसिद्ध झालें. पत्राचा आशय थोडक्यांत असा कीं, ज्यांच्या ग्रंथांत आमच्या हालअपेष्टांचा मागमूस नाहीं, त्यांच्या सभेंत येऊन आम्हांस काय मिळणार? या पत्राकडे ग्रंथकारांतील भांडण म्हणून पाहण्याची वहिवाट आहे. आम्हांस तें प्रथम एका वाचकाचें पत्र वाटतें. त्या वेळेपर्यंत प्रसिद्ध झालेल्या मराठी वाङ्मयावर, त्यांतील कथांवर आणि विद्वत्तेच्या ग्रंथांवर, एका चोखंदळ वाचकानें दिलेला तो एकत्र अभिप्राय आहे. व तो अत्यंत प्रतिकूल आहे.

कमिटीनंतर पाळी आली मासिकांची. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ सालीं मुंबईस निघालें. त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्यासारखा मनुष्य आमच्या विषयास मोठा सोयीचा आहे. कारण ‘मोचनगड’ ही मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरीहि त्यांचीच आणि महाराष्ट्रांतील ब्राह्मणांच्या जातींचें वर्णन करणारा ‘सरस्वतीमंडळ’ हा संशोधनात्मक ग्रंथहि त्यांचाच. एकाच मासिकाच्या पानांत व्याकरण, ज्योतिष, पुराणवस्तु, आणि त्यांच्या शेजारीं कादंबरीचें चालू प्रकरण, अशी बैठक या मंडळींनीं घातली. वाचणाऱ्या घरांतहि तशीच वांटणी होई. वडीलमाणसें पुढचीं पानें वाचीत आणि मागचीं पानें माजघरांत जात.

माजघरांत जाणाऱ्या पानांविषयीं पुरुषमंडळींस फार काळजी असे. १८५७ चें ‘यमुनापर्यटन’, १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ या कथा निघाल्या तेव्हां या प्रकारास काय म्हणावें हेंच ठरलें नव्हतें. कोणी ‘नावल’ म्हणे. पुढें बाणभट्टाच्या एका ग्रंथाचें नांव साऱ्या जातीस चिकटलें आणि ‘कादंबरी’ हा शब्द रूढ झाला. १८७२ मध्यें काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांवर निबंध लिहून असल्या कथांतील असंभाव्यतेचा प्रश्न उपस्थित केला. पेन्सिलवाल्या आमच्या पहिल्या गृहस्थाची ‘असें कधीं घडत नाहीं’ ही तक्रार म्हणजे त्याच निबंधाचा सारांश म्हणावयास हरकत नाहीं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून १८८१ पर्यंत चालली. मराठींत टीकेला जें धारदारपण आलें तें येथून आलें, हें सर्वमान्य आहे. वाचन कसें करावें हें त्यांनीं शिकविलें. तथापि शास्त्रीबोवांच्या टीकेंत एक खोड होती, ती सांगितली पाहिजे. ग्रंथापूर्वीं ग्रंथकाराची ते परीक्षा करीत. जोतीरावांच्या पुस्तकांचा समाचार घेतांना त्यांनीं जो भर दिला तो लेखकाच्या शुद्धलेखनावर व व्याकरणावर. पुस्तकांत विचारलेल्या प्रश्नांस उत्तर देण्याचें त्यांनीं फारसें मनावर घेतलें नाहीं. ही रीत पुढें इतकी पसरली कीं, पुस्तकाच्या शेवटीं छापावयाचे ‘अभिप्राय’ देखील नांवांच्या वजनावर निवडले जाऊं लागले. जुन्या पुस्तकांच्या मागील पानांवर ते आजहि पाहावयास मिळतात. अमुक रावबहादुर, तमुक शास्त्री, अमक्या पत्राचे संपादक. भाषा सरळ, विषय उपयुक्त, प्रत्येकानें संग्रहीं ठेवावें. असले शंभर अभिप्राय वाचले तरी पुस्तकांत काय आहे याचा पत्ता लागत नाहीं. पुस्तक विकत घेणाऱ्या चार आणेवाल्याचा अभिप्राय त्यांत कोठेंहि नसतो.

अशा काळांत वऱ्हाडांतील एका बाईनें जें केलें त्याचें आश्चर्य आम्हांस जितकें वाचावें तितकें वाढतें. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरि शिंदे हे तेथील कचेरींत नोकरीस असून सत्यशोधक मताचे होते. १८८१ मध्यें सुरतेकडे विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेस, आपलें नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून, फांशीची शिक्षा झाली व ती पुढें कमी करण्यांत आली. त्यावरून वर्तमानपत्रांनीं सबंध स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढण्यास आरंभ केला. ताराबाईंनीं तें वाचलें आणि १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक पुण्याच्या शिवाजी छापखान्यांत छापवून प्रसिद्ध केलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे.

हें पुस्तक स्त्रियांच्या कैवाराचें म्हणून आज प्रसिद्ध आहे, व तें योग्यच आहे. पण तें वाचकाच्या अभिप्रायाचें पुस्तक आहे, ही त्याची दुसरी बाजू कोणी विशेष पाहत नाहीं. ताराबाई कोणत्याहि शाळेच्या पंडिता नव्हत्या. त्यांच्यासमोर होतें तें घरीं वाचलेलें आणि ऐकलेलें सर्व कांहीं : शास्त्रवचनें, पुराणकथा, वर्तमानपत्रें, आणि ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळच्या आवडत्या कादंबऱ्या. हा सगळा ऐवज त्या एकाच फडताळांत ठेवितात. शास्त्रास वरचा खण व कादंबरीस खालचा, हा भेद त्यांना मान्य नाहीं. दोहोंनाहि त्यांचा प्रश्न एकच : तुम्हीं स्त्रियांविषयीं जें लिहिलें आहे तें खरें आहे काय? ज्या दोषांचे डोंगर आमच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय? स्मृतिकारास आणि नाटककारास एकाच दमांत जाब विचारणारा असा वाचक तत्पूर्वीं मराठींत झाला नव्हता. नंतरहि फार झाले नाहींत.

त्यांची भाषा कसलेल्या लेखकाची नाहीं. वाक्य सुरू होतें तें संपावयाचें विसरतें. मध्येंच म्हण येते, शिवी येते, हंसें येतें. राग आला कीं विरामचिन्हांची शुद्ध राहत नाहीं. निबंधमालेच्या गजानें मोजूं गेल्यास पुस्तक पहिल्या पानावरच नापास होईल. आणि झालेंहि तसेंच. वर्तमानपत्रकारांनीं त्याची अशी संभावना केली कीं, १८८५ मध्यें ‘सत्सार’ काढतांना जोतीरावांस ताराबाईंची बाजू घेऊन त्या संपादकांचा समाचार घ्यावा लागला. ताराबाईंनीं पुन्हां दुसरें पुस्तक लिहिल्याचें प्रसिद्ध नाहीं. ‘स्त्रीपुरुषतुलने’ची प्रत शोधून, ती संपादून डॉ. स. गं. मालशे यांनीं १९७५ मध्यें नव्यानें प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें महाराष्ट्रास आपल्या या वाचक स्त्रीची ओळख झाली. मधल्या ब्याण्णव त्र्याण्णव वर्षांत स्त्रीजातीवर किती निबंध, किती व्याख्यानें, किती कादंबऱ्या झाल्या! त्यांपैकीं कोणासहि या पुस्तकाची आठवण झाली नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, चांगल्या पुस्तकास उशीरां कां होईना न्याय मिळतोच ना? मिळतो; पण न्याय मिळेपर्यंत ज्यांना तें पुस्तक हवें होतें त्यांचीं आयुष्यें संपलेलीं असतात. १८८२ मध्यें अकरा वर्षांच्या असलेल्या मुलीनें तें १९७५ मध्यें वाचावें, अशी अपेक्षा करतां येत नाहीं.

कादंबरीचें आसन पुढें हळूहळू उंच झालें. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः येऊं लागली. यमूची कहाणी यमूच्याच तोंडून ऐकतांना ‘असें कधीं घडत नाहीं’ म्हणण्याचें धैर्य फारच थोड्यांस झालें असेल. पुढें वामन मल्हार जोशांची ‘रागिणी’ आली. तींत तर पात्रें पानेंच्या पानें तत्त्वज्ञानाचा खल करितात. शास्त्र आणि कथा यांच्यामधील भिंतीस तेथें मोठें भगदाड पडलें. तरीहि अभिप्राय देणारांचीं मापें दोन तीं दोनच राहिलीं. विद्वत्तेचें पुस्तक आलें कीं लेखकाच्या पदवीकडे पाहावयाचें. कथेचें आलें कीं आपल्या मुलींवर त्याचा परिणाम काय होईल तें पाहावयाचें.

याचें उत्तम उदाहरण बाळूताई खरे यांचें. यांनीं ‘अलंकार-मंजूषा’ हा अलंकारशास्त्रावरील ग्रंथ लिहिला. त्यावरून घरोघर कज्जे झाल्याचें कोणी ऐकलें नाहीं. त्याच बाईंनीं १९३३ मध्यें ‘विभावरी शिरूरकर’ हें नांव घेऊन ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह दिला आणि महाराष्ट्रांत वादळ उठलें. शिकलेल्या, अविवाहित, नोकरी करून घर चालविणाऱ्या मुलींच्या मनांतील गोष्टी त्यांत होत्या. लोकांनीं कथांची चर्चा थोडी केली. लेखक कोण, बाई कीं बुवा, याचाच शोध फार केला. त्या काळच्या मध्यम वर्गांतील कुटुंबांत हें पुस्तक उशीखालीं ठेवून वाचलें जात असे, असें आम्हीं वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलें आहे. उशीखालीं ठेवून वाचलेल्या पुस्तकाचा अभिप्राय कोण लिहून ठेवणार? वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाला तो संतापलेल्या वडिलांचा अभिप्राय. मुलींचा अभिप्राय पुस्तकाच्या झिजलेल्या कोपऱ्यांतच राहिला.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ज्ञानकोशासारखें प्रचंड काम एका खाजगी मंडळानें, भागीदार आणि वर्गणीदार गोळा करून, सरकारी खजिन्याकडे न पाहतां तडीस न्यावें ही साधी गोष्ट नव्हे. १९१६ मध्यें नागपुरास ज्ञानकोश मंडळ स्थापन झालें, १९२० पासून खंड बाहेर पडूं लागले आणि त्यांची संख्या तेविसापर्यंत गेली. महाराष्ट्रानें या कामाबद्दल केतकरांस मान दिला. खंड किती वाचले गेले तें सांगवत नाहीं; पण कपाटांत ते असणें हें घराण्याचें भूषण ठरलें. आमच्या गठ्ठ्यांतील दोन खंडांची स्थिति लक्षांत घेतां, भूषणें नेहमीं अंगावर घालतातच असें नाहीं. असो.

हेच केतकर कादंबऱ्याहि लिहीत. ‘परागंदा’, ‘गोंडवनांतील प्रियंवदा’, ‘ब्राह्मणकन्या’ यांत त्यांनीं मिश्र विवाह, परदेशीं गेलेलीं कुटुंबें, जातीबाहेर पडलेल्यांची संतति, असे विषय हातीं घेतले. त्या वेळीं या विषयांस शिवण्यास इतर कादंबरीकार कचरत. परंतु कारागिरी नाहीं, कथानक विसकळीत, पात्रें व्याख्यानें देतात, म्हणून टीकाकारांनीं त्या बाजूस सारल्या. ज्ञानकोशकारांनीं फावल्या वेळांत केलेला उपद्व्याप, असाच सूर होता. दुर्गाबाई भागवतांनीं १९६७ मध्यें ‘केतकरी कादंबरी’ हें स्वतंत्र पुस्तक लिहून या कादंबऱ्यांची बाजू मांडली. दुर्गाबाई स्वतः समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि ललित लेखिकाहि; दोन्ही खणांतून हात फिरलेला असल्यामुळें त्यांस तें सुचलें. आमचें स्वतःचें मत विचाराल तर कारागिरीविषयीं जुन्या टीकाकारांचें म्हणणें चूक नव्हतें. ‘ब्राह्मणकन्या’ वाचतांना आम्हीं दोनदां पुस्तक मिटलें आहे. पण दोन्ही वेळां तें पुन्हां उघडलें, हेंहि सांगितलें पाहिजे. आणि सुबक म्हणून गाजलेल्या त्या काळच्या कित्येक कादंबऱ्या एकदां मिटल्या त्या मिटल्याच राहिल्या.

या सर्व काळांत साध्या वाचकाचा कांहीं लेखी पुरावा उरला असेल तर तो ग्रंथालयांच्या वह्यांत. १८६७ च्या कायद्यान्वयें छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारांत नोंद होऊं लागली. पुस्तक कोणीं लिहिलें, कोठें छापलें, पृष्ठें किती, प्रती किती, किंमत काय, हें सर्व त्या तिमाही याद्यांत मिळतें. छापल्यावर पुस्तकाचें काय झालें तें मात्र देवघेवीच्या वहीसच ठाऊक.

या बाबतींत आमच्या मुलुंडाचें स्थान मोठें गमतीचें आहे. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती या गांवाच्या शिवेवरूनच गेली. गाडीच्या एका टोकास, ठाण्याला, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या खटपटीनें १८९३ मध्यें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, दुसऱ्या टोकास, मुंबईंत, १८९८ मध्यें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. मराठी ग्रंथ, मग तो कादंबरी असो वा कोश, तितक्याच आस्थेनें जपावयाचा, हा या संस्थांचा बाणा. मुलुंड मध्यें. १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत सामील होईपर्यंत तें मुंबईबाहेरच होतें. गिरगांव दादरकडून जागेच्या शोधांत निघालेलीं कुटुंबें पेट्यांत पुस्तकें घालून येथें येत राहिलीं, आणि वाचनाची संवय त्यांच्याबरोबर आली. महाराष्ट्र सेवा संघाचें ग्रंथालय आजहि गांवांत आहे. पण गल्लीबोळांतील वर्गणीचीं लहान वाचनालयें, जेथें दुपारीं घरकाम आटोपून बायका पिशवींत पुस्तक घालून येत व ‘कालच्यासारखें रडकें नको’ असें सांगून दुसरें नेत, तीं एकामागून एक मिटलीं. वाचनालयाच्या चालकास कोणत्या घरीं काय आवडतें तें तोंडपाठ असे. टीकाकारानें ज्या कादंबरीस नांवें ठेविलीं ती तो चार प्रती आणी. ज्या ग्रंथास पारितोषिक मिळालें तो एकच आणी, व तोहि कचरत कचरत. त्याच्या डोक्यांतील ही यादी कोणीं उतरून घेतली नाहीं.

म्हणूनच रद्दीच्या दुकानांतील तो दुपारचा वेळ आम्हांस महत्त्वाचा वाटतो. गठ्ठे सगळेच उचलण्याइतकी आमच्या घरांत जागा नाहीं. आम्हीं दोनच पुस्तकें घेतलीं. एक ती विधवेच्या प्रसंगाची कादंबरी. दुसरा इतिहाससाधनांचा तो न फाडलेल्या पानांचा खंड. त्याची कींव आली म्हणून. दुकानदारानें दोन्ही एकत्र तराजूंत टाकलीं. विद्वत्तेचा खंड जड, त्यामुळें पैसे त्याचेच अधिक पडले.

घरीं येऊन आम्हीं सुरीनें खंडाचीं पानें फाडावयास घेतलीं. हा ग्रंथ कोणीं वाचलाच नाहीं, अशी आमची समजूत होती, आणि दीडशें पानांपर्यंत ती खरी ठरली. पुढें मात्र एक जागा अशी आली कीं तेथील चार पानें आधींच फाडलेलीं होतीं. सुरीनें नव्हे, बोटानें, घाईघाईनें, कडा दांतेरी झालेल्या. जुन्या वसुलाची यादी होती. गांवांचीं नांवें, खंडी, मण, रुपये. त्यांतील कोंकणांतील एका लहानशा गांवाच्या नांवाखालीं पेन्सिलीची रेघ होती आणि समासांत, शाळेंतल्या मुलाच्या अक्षरांत, लिहिलेलें होतें : ‘आजोबांना दाखविलें.’